खेळाचा जमाखर्च कोणाच्या हाती?

अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला ज्यांनी ३१ वर्षे शिकविले, ज्यांच्या शिष्यांनी एका मोसमात ३४ सामने खेळून ३४ही जिंकले, आणि तीन शिक्षणसंस्थांतील कारकीर्द एकत्र धरली असता ज्यांच्या खाती नेमके ९०० विजय जमा आहेत, त्या जोडी कॉन्राट यांचे स्मरण त्यांच्या देशात बहुधा या शेवटच्या आकड्यापासून सुरू होते आणि त्या आकड्यापाशीच थांबते. तो आकडा मोठा आहे आणि त्याविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु क्रीडाकारभार पाहणाऱ्या मंडळींनी ज्याचा अधिक बारकाईने विचार करावयास हवा, असा या बाईंच्या चरित्रातील भाग विद्यापीठाच्या दफ्तरात घडलेला आहे. १९९२ पासून २००१ पर्यंत, संघाचे प्रशिक्षण न सोडता, त्यांनी त्याच विद्यापीठातील स्त्रियांच्या संपूर्ण क्रीडाखात्याचे संचालकपद सांभाळले. म्हणजे कोणत्या खेळासाठी किती रक्कम मंजूर व्हावी, कोणाची नेमणूक व्हावी, नवा संघ केव्हा उभारावा, हे ठरविणारी लेखणी नऊ वर्षे त्यांच्या हाती होती. स्त्रियांच्या खेळाचे भवितव्य विजयांच्या संख्येपेक्षा या लेखणीवर, आणि ती कोण धरतो यावर, अधिक अवलंबून असते असे माझे मत आहे. आणि कॉन्राटबाईंच्या कारकिर्दीचा इतिहास जितका खोलात जाऊन पाहावा तितके ते दृढ होत जाते.

मध्य टेक्ससमधील गोल्डथ्वेट या लहानशा गावी १९४१ साली जन्मलेली ही मुलगी शाळेत असताना ज्या प्रकारचा बास्केटबॉल खेळली, तो आजच्या प्रेक्षकाला ओळखूही येणार नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला आणि त्यानंतर थोड्याच काळात, तेथून फार दूर नसलेल्या स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. परंतु अतिश्रमाने स्त्रीची प्रकृती कायमची बिघडते हा तत्कालीन समज इतका प्रबळ होता की, मैदानाचे भाग पाडून प्रत्येकीने आपापल्या भागातच राहावे असा नियम त्यांना घालावा लागला, आणि १८९३ साली पहिला सामना झाला तेव्हा तो पाहण्यास पुरुषांना मनाई करण्यात आली. याच नियमातून पुढे सहा खेळाडूंचा खेळ रूढ झाला: तिघींनी केवळ आक्रमण करावयाचे, तिघींनी केवळ बचाव करावयाचा आणि मधली रेघ कोणीही ओलांडावयाची नाही. टेक्ससच्या शाळांत ही रीत सत्तरीच्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकून होती. त्या अर्ध्या मैदानात कॉन्राटबाई दर सामन्यास सरासरी ४० गुण मिळवीत असत. पुढे त्यांनी स्वतः घडविलेल्या संघांना मात्र जो खेळ शिकविला तो संपूर्ण मैदानभर धावण्याचा, प्रतिपक्षाच्या हाती चेंडू आल्या क्षणापासून त्याला श्वास घेऊ न देण्याचा होता; आणि ज्या मुलीला तिच्या उमेदीच्या वयात एका रेघेच्या अलीकडे थांबविण्यात आले होते, तिने प्रशिक्षिका झाल्यावर नेमका असाच खेळ निवडावा, याला मी तरी योगायोग मानणार नाही.

१९६३ मध्ये बेलर विद्यापीठाची शारीरिक शिक्षणातील पदवी घेऊन त्यांनी वेको येथील एका शाळेत सहा वर्षे शिकविले. मग सॅम ह्यूस्टन राज्य विद्यापीठात आणि १९७३ पासून आर्लिंग्टन येथील टेक्सस विद्यापीठाच्या शाखेत काम केले. आर्लिंग्टन येथे बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल या तिन्ही संघांचा भार एकट्या त्यांच्यावर होता. त्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयांत स्त्रियांचे संघ असले तरी त्यांच्यासाठी अर्थसंकल्पात धड तरतूद नसे. मुलींनी घरी केलेले केक विकून प्रवासखर्च उभारावा, एकाच गणवेशावर दोन खेळ निभावून न्यावेत आणि पुरुषांचा सराव आटोपल्यावर व्यायामशाळा मिळेल त्या वेळी वापरावी, हा तेथील सर्वसाधारण मामला होता. जे शिक्षक या परिस्थितीत टिकले ते खेळाच्या तंत्राइतकेच जमाखर्चातही मुरले, कारण दुसरा इलाजच नव्हता. कॉन्राटबाईंच्या पुढील प्रशासकीय कर्तृत्वाची पायाभरणी मला या वर्षांत दिसते.

१९७२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने शिक्षणविषयक सुधारणांचा जो कायदा संमत केला, त्याचे नववे प्रकरण, ज्याला तिकडे 'टायटल नाइन' म्हणतात, केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणक्रमात लिंगभेदाने कोणालाही वगळण्यास बंदी घालते. प्रतिनिधिगृहातील एडिथ ग्रीन व पॅट्सी मिंक आणि सिनेटमधील बर्च बाय यांनी पुढे नेलेल्या या कलमाच्या मूळ शब्दांत खेळाचा उल्लेखही नाही. पण विद्यापीठातील क्रीडाखाते हेही शिक्षणक्रमाचाच भाग आहे, हे उघड होताच ज्यांच्या हाती पुरुषांच्या फुटबॉलचा प्रचंड व्यवहार होता त्यांची झोप उडाली. या विरोधाचा एक बालेकिल्ला टेक्ससमध्येच होता. ज्या खेळांतून उत्पन्न मिळते ते खेळ या कायद्याच्या कक्षेबाहेर काढावेत अशी दुरुस्ती १९७४ साली टेक्ससचेच सिनेटर जॉन टॉवर यांनी मांडली, आणि टेक्सस विद्यापीठाचे ख्यातनाम फुटबॉल प्रशिक्षक व क्रीडासंचालक डॅरल रॉयल यांनी अध्यक्ष फोर्ड यांच्यापर्यंत जाऊन आपली बाजू मांडली. ती दुरुस्ती टिकली नाही. आणि ज्या विद्यापीठातून हा विरोध उठला, त्याच विद्यापीठाने १९७५ साली स्त्रियांच्या क्रीडाखात्याच्या संचालकपदी डॉना लोपियानो या तिशीही न गाठलेल्या बाईंची नेमणूक केली. त्यांनी रुजू झाल्यावर लगोलग काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन टॉवर यांच्या दुरुस्तीविरुद्ध साक्ष दिली. ज्यांच्या पगारावर आपण आहोत त्यांच्याच आवडत्या तजविजीविरुद्ध उघड सभेत बोलण्यास किती धैर्य लागत असेल याचा अंदाज ज्यांनी कोणत्याही संस्थेत नोकरी केली आहे त्यांना सहज करता येईल.

टेक्ससमध्ये स्त्रियांचे क्रीडाखाते पुरुषांच्या खात्यापासून सर्वस्वी वेगळे होते: त्याचा संचालक वेगळा, अंदाजपत्रक वेगळे, आणि त्याचा जाब विद्यापीठाच्या अध्यक्षांना थेट. लोपियानोबाईंनी १९७६ साली कॉन्राटबाईंना आर्लिंग्टनहून ऑस्टिन येथील या विद्यापीठात आणले आणि सुरुवातीस बास्केटबॉलबरोबर व्हॉलीबॉलचा संघही त्यांच्याकडेच दिला. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्यांच्याआधी, १९७३ पासून, हा बास्केटबॉल संघ रॉडनी पेज या गृहस्थांकडे होता. ते त्या विद्यापीठातील कोणत्याही संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांचे काम वाईट नव्हते. एका अन्यायाची भरपाई करताना दुसऱ्या एका वंचित समाजाच्या प्रथम प्रतिनिधीला जागा सोडावी लागली. कॉन्राटबाईंनी पुढे जे केले त्याने ती नेमणूक योग्य ठरली असे म्हणता येईल, आणि मी तसे म्हणतोही. पण संस्थांच्या कारभारात न्यायाचे वाटप करताना बसण्याच्या जागा फार थोड्या असतात, आणि त्या थोड्या असाव्यात हे कोणीतरी आधीच ठरविलेले असते, हे सत्य या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

स्त्रियांच्या महाविद्यालयीन खेळांची व्यवस्था त्या काळी 'एआयएडब्ल्यू' ही स्त्रियांनीच चालविलेली संघटना पाहत असे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेची घटना, तिचे नियम, तिच्या समित्या हे सारे स्त्रियांचेच होते. पुरुषांच्या 'एनसीएए' या बलाढ्य संघटनेने प्रथम टायटल नाइनला विरोध केला. तो फोल ठरल्यावर १९८१-८२च्या मोसमापासून तिने स्वतःच स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरविण्यास आरंभ केला, आणि ज्या संघांना प्रवासखर्च, दूरचित्रवाणी व प्रतिष्ठा हवी होती ते एकामागून एक तिच्याकडे वळले. १९८१ मध्ये एआयएडब्ल्यूच्या अध्यक्षपदी लोपियानोबाई होत्या. साहजिकच टेक्ससचा संघ अखेरपर्यंत त्या संघटनेसोबत राहिला. १९८२च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियातील पॅलेस्ट्रा या जुन्या क्रीडागृहात तिचा शेवटचा अजिंक्यपदाचा सामना झाला, त्यात रट्गर्सने टेक्ससला ८३-७७ असे हरविले, आणि त्यानंतर ती संघटना बंद पडली. त्या सामन्यात कॉन्राटबाईंच्या मुलींनी गमावले ते एक अजिंक्यपद. त्या वर्षी अमेरिकेतील स्त्रियांनी गमावली ती स्वतःच्या खेळावरील मुखत्यारी होती.

या विधानाला भावनेपेक्षा अधिक भक्कम आधार आहे. ब्रुकलिन महाविद्यालयातील व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोन प्राध्यापिकांनी कित्येक दशके चिकाटीने ठेवलेल्या नोंदींवरून असे दिसते की, १९७२ साली स्त्रियांच्या महाविद्यालयीन संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांना शिकविणाऱ्या स्त्रियाच होत्या, आणि स्त्रियांच्या क्रीडाखात्यांचे प्रमुखपदही बहुतेक ठिकाणी स्त्रियांकडेच होते. २०१४ पर्यंत पहिले प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले, आणि प्रमुखपदांच्या बाबतीत तर घसरण त्याहूनही तीव्र व त्याहूनही लवकर झाली. कायद्याने मुलींना मैदान दिले, शिष्यवृत्ती दिली, खेळाडूंची संख्या अनेक पटींनी वाढविली. परंतु ज्या पदांना पूर्वी वेतन नव्हते, मान नव्हता, ती पदे वेतनाची व मानाची होताच पुरुषांना हवीशी वाटू लागली, आणि दोन खाती एकत्र करताना जो एक संचालक उरला तो जवळजवळ सर्वत्र पुरुष होता. यात कोणी एक दुष्ट मनुष्य नाही, कोणता गुप्त कट नाही. म्हणूनच ही गोष्ट अधिक चिंतनीय आहे.

अशा काळात टेक्ससने स्त्रियांचे वेगळे खाते टिकवून धरले आणि त्याच्या आश्रयाने कॉन्राटबाईंचा संघ वाढला. १९८५-८६च्या मोसमाचे वर्णन करताना कोणाही क्रीडाप्रेमी मनुष्याची लेखणी थोडी रेंगाळल्यास क्षमा असावी. केमी एथरिज ही संघाच्या खेळाची सूत्रे हलविणारी, अँड्रिया लॉइड, फ्रॅन हॅरिस यांसारख्या अनुभवी खेळाडू, आणि राखीव म्हणून मैदानात उतरणारी, महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षातील क्लॅरिसा डेव्हिस, असा तो संघ होता. ३० मार्च १९८६ रोजी केंटकीतील लेक्सिंग्टन येथे अंतिम सामन्यात समोर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ होते आणि त्या संघात शेरिल मिलर होती, जिच्या तोडीची खेळाडू त्या काळी शोधून सापडली नसती. टेक्ससने तो सामना ९७-८१ असा जिंकला. डेव्हिसने एकटीने २४ गुण मिळविले आणि त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला लाभला. एनसीएएच्या आधिपत्याखाली एकही सामना न हरता स्त्रियांचे अजिंक्यपद मिळविणारा हा पहिला संघ होय. तारांकित खेळाडूला पहिल्या पाचांत न घेता बाकावरून आणणे आणि तरीही तिच्या मनात किंवा संघात किंतु निर्माण होऊ न देणे, याला केवळ डावपेच म्हणता येणार नाही. त्यासाठी माणसांची पारख लागते आणि शब्दाला वजन असावे लागते. हेच गुण पुढे दफ्तरात उपयोगी पडले.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या मुलींचे सामने पाहण्यास ऑस्टिनमध्ये जितकी गर्दी होई तितकी देशात अन्यत्र स्त्रियांच्या बास्केटबॉलला क्वचितच होत असे. त्या गर्दीत बार्बरा जॉर्डन असत, ज्यांनी काँग्रेसच्या सभागृहातून साऱ्या देशाला राज्यघटना समजावून सांगितली होती आणि ज्या आता त्याच विद्यापीठात अध्यापन करीत होत्या. आणि अॅन रिचर्ड्स असत, ज्या १९९१ मध्ये टेक्ससच्या गव्हर्नर झाल्या. त्या राज्यातील राजकारण, शिक्षण आणि क्रीडा या तिन्ही क्षेत्रांत ज्या स्त्रिया अधिकाराच्या जागी पोहोचल्या होत्या, त्या एका छपराखाली एकत्र बसून अठरा-वीस वर्षांच्या मुलींच्या खेळाला दाद देत होत्या. मैदानावरील मुलीने मान वर करून पाहिले असता तिला स्वतःच्या पुढील आयुष्याच्या कितीतरी शक्यता त्या आसनांवर बसलेल्या दिसत असतील.

१९९२ साली लोपियानोबाई विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशन या संस्थेची सूत्रे हाती घेण्यासाठी न्यूयॉर्कला गेल्या आणि त्यांच्या जागी कॉन्राटबाई आल्या. त्याच वर्षी विद्यापीठातीलच काही विद्यार्थिनींनी, ज्या नौकानयन, सॉकर, सॉफ्टबॉल व जिम्नॅस्टिक्स यांच्या हौशी मंडळांत खेळत होत्या पण ज्यांच्या खेळांना विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा नव्हता, त्यांनी टायटल नाइनखाली न्यायालयात फिर्याद दाखल केली. प्रसंग मोठा विलक्षण होता. स्त्रियांच्या खेळासाठी देशात आदर्श म्हणून ज्या विद्यापीठाकडे बोट दाखविले जाई, तेच प्रतिवादी. आणि ज्या बाईंनी आपले सारे आयुष्य मुलींना मैदान मिळवून देण्यात घालविले, त्यांना नव्या पदावर येताच संस्थेच्या बाजूने उभे राहणे प्राप्त. १९९३ मध्ये तडजोड झाली: सॉकर आणि सॉफ्टबॉल यांना अधिकृत संघाचा दर्जा द्यावा आणि खेळाडू व शिष्यवृत्त्यांतील स्त्रियांचे प्रमाण ठरावीक मुदतीत वाढवावे, असे विद्यापीठाने मान्य केले. सॉकरचा संघ त्याच वर्षी मैदानात उतरला, सॉफ्टबॉलचा १९९७ मध्ये, आणि नौकानयनाचाही संघ कॉन्राटबाईंच्याच कारकिर्दीत उभा राहिला.

करारनाम्यावर सह्या होणे निराळे आणि तो अमलात येणे निराळे, हे आपल्याकडील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. नवा संघ उभारावयाचा म्हणजे प्रशिक्षक शोधावयाचे, त्यांचे वेतन ठरवावयाचे, शिष्यवृत्त्यांसाठी कायमची तरतूद करावयाची, सॉफ्टबॉलचे मैदान वा नौका ठेवण्याची जागा मिळवावयाची, प्रवासाचा, वैद्यकीय देखभालीचा, अभ्यासातील साहाय्याचा खर्च दरसाल मंजूर करून घ्यावयाचा. आणि यांपैकी एकेका बाबीवर टोलवाटोलव करून कोणताही अनिच्छुक कारभारी न्यायालयाचा अवमान न करताही तो संघ पाच वर्षे कागदावर ठेवू शकतो. टेक्ससमध्ये तसे झाले नाही, याचे श्रेय ज्या खात्याला स्वतःचे अंदाजपत्रक होते त्या खात्याला, आणि ज्या व्यक्तीने आर्लिंग्टनमध्ये तीन संघ तुटपुंज्या पैशांवर चालविले होते त्या व्यक्तीला आहे असे मी मानतो.

दोन पदे एकाच वेळी सांभाळण्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या स्वतःच्या संघाची कामगिरी घसरली, आणि एकाने दोन गाद्यांवर बसू नये अशी कुरबुर ऑस्टिनमध्ये झाली असल्यास ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. १९९८ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाच्या कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला. २००१ मध्ये संचालकपद सोडून त्या पुन्हा पूर्णवेळ संघाकडे वळल्या आणि २००३ साली संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत घेऊन गेल्या, जेथे कनेटिकटने त्यांना अवघ्या दोन गुणांनी हरविले. २००७च्या मार्चमध्ये, दोन मोसम मनाजोगते न गेल्यावर, त्यांनी राजीनामा दिला.

वेगळ्या खात्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते मला ठाऊक आहेत. वेगळेपणात दुय्यमपणा लपून बसतो, दोन खात्यांमुळे खर्च दुप्पट होतो, मोठ्या निर्णयांच्या बैठकीत स्त्रियांच्या संचालिकेला बोलावणेच जात नाही, हे सारे आक्षेप विचारार्ह आहेत आणि काही ठिकाणी ते खरेही ठरले असतील. परंतु इतिहासाची साक्ष काय आहे? स्त्रियांचे खाते ज्या मोजक्या विद्यापीठांनी दीर्घकाळ वेगळे ठेवले, त्यांत टेक्सस होते, टेनेसी होते, आयोवा होते. आणि स्त्रियांच्या बास्केटबॉलच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासातून ही तीन नावे काढली तर त्या इतिहासात बरीच मोठी पोकळी पडेल. आयोवात १९७३ ते २००० पर्यंत क्रिस्टीन ग्रँट या संचालिका होत्या; केटलिन क्लार्क हिने ज्या विद्यापीठातून साऱ्या देशाला वेड लावले तेथील भूमी त्यांनी नांगरलेली होती. आयोवाने २००० मध्ये, टेनेसीने २०१२ मध्ये आणि टेक्ससने त्यानंतर काही वर्षांनी दोन्ही खाती एकत्र केली. एकत्रीकरणाला माझा तात्त्विक विरोध नाही. पण ज्या दिवशी दोन खुर्च्यांची एक खुर्ची होते त्या दिवशी ती कोणाला मिळणार हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला पाहिजे, आणि तो बहुतेक ठिकाणी विचारला गेला नाही.

न विचारण्याचे परिणाम दिसण्यास फार काळ लागला नाही. २०२१च्या मार्चमध्ये, टेक्ससमधीलच सॅन अँटोनियो येथे स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा भरली असताना, ऑरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने एक चित्रफीत प्रसिद्ध केली: पुरुषांच्या स्पर्धेच्या ठिकाणी व्यायामाच्या साधनांनी भरलेले प्रशस्त दालन, आणि स्त्रियांसाठी डंबेल्सची एक लहानशी मांडणी. त्यानंतर झालेल्या चौकशीत उघड झाले की, 'मार्च मॅडनेस' हे सुप्रसिद्ध नाव वापरण्याची मुभादेखील स्त्रियांच्या स्पर्धेला नव्हती. ती २०२२ मध्ये मिळाली. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, स्त्रियांचा अंतिम सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला, तर पुरुषांचा सुमारे १ कोटी ४८ लाख लोकांनी. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही असे चाळीस वर्षे सांगण्यात आले त्याला गिऱ्हाईक होते. ते मोजण्याची इच्छा कारभाऱ्यांना नव्हती. आता जून २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंमध्ये थेट रक्कम वाटण्याची मुभा मिळाली आहे, पहिल्या वर्षी एकेका विद्यापीठास २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्यांतील फार मोठा वाटा पुरुषांच्या फुटबॉल व बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे. ही वाटणी ज्या टेबलाभोवती होते तेथे कॉन्राटबाईंसारखी, मैदान आणि अंदाजपत्रक दोन्ही जाणणारी, व्यक्ती बसलेली नसेल तर १९८२ सालची गोष्ट पुन्हा घडेल.

आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे, पण प्रश्न तोच आहे. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारताच्या महिला बास्केटबॉल संघाचे नेतृत्व केले, पी. टी. उषा या २०२२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षपदी आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. आणि २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत स्त्रियांचा समावेश बंधनकारक केला आहे. या कायद्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु महासंघ दिल्लीत असतात, आणि मुलगी खेळू लागते ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात, जेथे मैदान असले तरी मुलींच्या सरावाची वेळ, प्रवासभत्ता, बरोबर जाणारी शिक्षिका आणि कपडे बदलण्याची खोली या चार बाबींवर तिचे खेळणे अवलंबून असते. या चारही बाबी मंजूर करणारा अधिकारी कोण आहे, हे आपल्या विद्यापीठांच्या क्रीडामंडळांच्या ठरावांत पाहावे, आणि त्या मंडळांवर किती स्त्रिया आहेत, त्यांच्यापैकी किती जणींनी स्वतः संघ शिकविले आहेत, हे मोजावे.

एक तजवीज तर विनाविलंब करता येण्याजोगी आहे. अमेरिकेने १९९४ मध्ये कायदा करून तेथील महाविद्यालयांवर असे बंधन घातले की, खेळाडूंची संख्या, प्रशिक्षकांचे वेतन आणि खेळावरील खर्च हे आकडे स्त्रिया व पुरुष असे वेगवेगळे दाखवून दरवर्षी जाहीर करावेत. टेक्ससच्या मुलींनी न्यायालयात जे सिद्ध करण्यासाठी धाव घेतली, त्यांतील पुष्कळसे आता कोणाही पालकाला घरबसल्या पाहता येते. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाने, आणि त्याच्याशी संलग्न प्रत्येक महाविद्यालयाने, आपल्या वार्षिक अहवालात असा जमाखर्च छापावा: मुलांच्या संघांवर किती, मुलींच्या संघांवर किती, प्रशिक्षक किती, प्रशिक्षिका किती, आणि मंजुरीची सही कोणाची. त्यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको, केंद्राचे अनुदानही नको. कुलगुरूंच्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपूर्वी निघावे अशी माझी मागणी आहे.